नकाशातून गेलेली नर्मदा

मी शिरपुरात भूगोल शिकवायचो तेव्हा वर्गातल्या धुळे जिल्ह्याच्या नकाशात उत्तरेच्या टोकाला नर्मदा होती. सातपुड्यापलीकडे, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या काठाने, सुमारे ५४ किलोमीटर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ती आमच्या नकाशातून गेली. तिच्यासोबत तिच्यावरच्या सरदार सरोवर धरणाचा विषयही शिरपूरकरांच्या बोलण्यातून गेला. मला हे फार लागतं. आमच्या वर्गात बोराडीकडून येणाऱ्या पावरा मुलांचे मामा-आत्या अक्राणीतच होते.

या धरणाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते ५ एप्रिल १९६१ ला झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला डिसेंबर १९७९ मध्ये. वाटपाच्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यातून महाराष्ट्राला मिळालं फक्त ०.२५. विजेत मात्र २७ टक्के वाटा मिळाला. म्हणजे महाराष्ट्रापुरतं हे धरण मुख्यतः विजेचंच, आणि तिच्यासाठी आपल्या बाजूची ३३ आदिवासी गावं बुडितात धरली गेली.

जमिनीच्या बदल्यात जमीन, तीही पाणी येण्याआधी, ही लवादाची अट चांगली होती. पण अक्राणीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी शेतांना सातबाराच नव्हता. वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमण. मग घोषित प्रकल्पग्रस्त कोण आणि अघोषित कोण, हे ठरवण्यातच वर्षं गेली. जंगलाचंही तसंच. महाराष्ट्रातलं ६,४८८ हेक्टर वन बुडितात जाणार होतं, आणि विस्थापितांना वसवण्यासाठी तळोद्याकडची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली. त्या जमिनीवरही काही आदिवासी आधीपासून शेती करत होते. त्यामुळे उठवलेले गरीब आणि तिथले गरीब एकमेकांसमोर उभे राहिले.

जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींतल्या उणिवा उघड केल्या. मार्च १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, धरण मात्र थांबलं नाही. त्याच पावसाळ्यात नर्मदाकाठच्या मणिबेली गावात पाणी शिरलं. नोव्हेंबरात अक्राणीत पोलीस गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा १५ वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा अक्राणी धुळे जिल्ह्यातच होतं. ते मरण आपल्या जिल्ह्यातलं होतं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते बिलगाव. धडगाव (अक्राणी) तालुक्यातल्या या गावाने २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर स्वतःचं १५ किलोवॉटचं वीजकेंद्र उभारलं. केरळचे तरुण अभियंते मदतीला आले, पाड्यापाड्यातल्या माणसांनी अंगमेहनत केली आणि घरांत दिवे लागले. त्यासाठी एकही कुटुंब उठवावं लागलं नाही. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते केंद्र उद्ध्वस्त केलं. १,४५० मेगावॉटच्या प्रकल्पाने १५ किलोवॉट बुडवले. ज्यांच्या शेतांवर मोठी वीज उभी राहिली, त्यांची छोटी वीजही राहिली नाही.

पुढे धरण १३८.६८ मीटरपर्यंत चढलं, २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि २०१९ मध्ये ते काठोकाठ भरलं.

इकडे शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून, बंधारे बांधून भूजल वर आणलं गेलं. बंधाऱ्यातून वीज निघत नाही, हे मान्य. पण गाव न उठवता पाणी अडवता येतं, हे आपण स्वतः करून पाहिलं आहे. म्हणूनच नर्मदाकाठाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. खानदेशातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मणिबेली आणि बिलगाव वर्गात शिकवा. आणि शेवटच्या पात्र कुटुंबाला कसण्याजोगी जमीन मिळेपर्यंत हे धरण पूर्ण झालं असं कुणीही म्हणू नये.