जुन्या सायकलीतील अप्रमाणित भागांची तपासणी

वापरलेली सायकल विकत घेण्यापूर्वी तिचे सुटे भाग प्रचलित मापांचे आहेत की नाहीत, हे पडताळणे म्हणजे अप्रमाणित भागांची तपासणी होय. ज्या भागाचे माप, आटे किंवा जोडणीची पद्धत बाजारात सहज मिळणाऱ्या भागांशी जुळत नाही, तो भाग अप्रमाणित समजला जातो. असा भाग शाबूत असेपर्यंत सायकल चालते. तो झिजला किंवा मोडला, की स्वस्तात घेतलेली सायकलही निकामी ठरू शकते.

पार्श्वभूमी

कारखाना बंद पडल्यावर त्याच्या खास घडणीचे भाग हळूहळू दुर्मीळ होतात. प्रमाणित भाग मात्र अन्य उत्पादकांचे चालतात. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्स लिमिटेड या कंपनीचा कारखाना होता. १९८० साली संसदेच्या कायद्याने या कंपनीचे आणि आसनसोलच्या सेन-रॅले कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे वरळीतील उत्पादन थांबले. याच वरळीत १९२०च्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळी आहेत. तेथील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे. इतक्या लहान घरात बंद पडलेली सायकल किंवा सुट्या भागांचा साठा ठेवणे परवडणारे नसते. त्यामुळे जवळच्या दुकानात दुरुस्त होईल अशीच सायकल घेणे हिताचे ठरते.

तपासावयाचे भाग

* टायर व रिम : इंचांतील नाव फसवे असते. २६ × १ १/२ टायरची रिमवरील बैठक ५८४ मिलिमीटर व्यासाची, २६ × १ ३/८ ची ५९०, तर २६ × १.७५ ची ५५९ मिलिमीटर असते. हे तिन्ही ‘सव्वीस इंची’ टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पारंपरिक २८ × १ १/२ टायरचा हा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. टायरच्या बाजूवर ‘४०-६३५’ अशा स्वरूपात छापलेला आकडा आयएसओ ५७७५ या मानकानुसार असून त्यावरच विसंबावे.
* पेडल : नेहमीच्या पेडलाचा दांडा ९/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटर असतो. जुन्या फ्रेंच सायकलींत तो १४ मिलिमीटर असे. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही; पण जबरदस्तीने पेडल फिरवल्यास क्रँकचे आटे कापले जातात. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तो दोष नव्हे.
* बी.बी. (क्रँकच्या एक्सलची बैठक) : इंग्लिश पद्धतीत एका इंचात २४ आटे असून उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. रॅलेच्या अनेक जुन्या सायकलींत व्यास जवळपास इंग्लिश मापाचाच, पण इंचात २६ आटे असत.
* साखळी : एकाच दात्याच्या चाकावरील साखळी बहुधा १/८ इंच, तर गिअरच्या सायकलीवरील जुनी साखळी ३/३२ इंच आतील रुंदीची असते. अरुंद साखळी जाड दात्यांवर बसत नाही.
* सीटचा दांडा : याचे व्यास अनेक आहेत. पत्र्याची पट्टी गुंडाळून दांडा घट्ट केलेला आढळल्यास तो मूळचा नसण्याची शक्यता असते.

तपासणीची रीत

मोजपट्टी व व्हर्निअर कॅलिपर यांनी वरील मापे घ्यावीत आणि टायर, क्रँक व पेडल यांवरील खुणा टिपून घ्याव्यात. नव्याने घासलेले आटे, वेल्डिंगच्या खुणा आणि तिरपे बसलेले पेडल ही बेमेळ जोडणीची लक्षणे आहेत. हँडल किंवा सीटच्या दांड्यावरील किमान खोलीची रेघ बाहेर दिसत असल्यास सायकल चालवून पाहू नये. दांडा निसटून वा मोडून अपघात होऊ शकतो.

निर्णय

टायर, पेडल, साखळी यांसारखा अप्रमाणित भाग प्रमाणित भागाशी बदलता येत असेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून सौदा करता येतो. दोष मूळ सांगाड्यातच असेल, उदाहरणार्थ बी.बी.चे आटे वेगळ्या मापाचे असतील, तर योग्य भाग हाती आल्याशिवाय सायकल घेणे टाळावे. संग्राहकाला अशा दुर्मीळ भागांचे मोल वाटते; रोज कामावर जाणाऱ्याला मात्र उद्या मिळू शकणारा भागच उपयोगी पडतो.