पीडेची वास्तू, ड्यूकचा वाडा

गोव्यातल्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांना ‘एजंट मोंतेरो’ हे नाव सांगावं लागत नसे. काझिमिरो मोंतेरो हा गोव्यातच जन्मलेला पोलीस, त्याच्या मारहाणीच्या कथा घराघरांत होत्या. गोवा मुक्त झाल्यावर हा माणूस संपला नाही. 13 फेब्रुवारी 1965 रोजी पोर्तुगालचे विरोधी पुढारी जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा स्पेनच्या सरहद्दीजवळ खून झाला. तो करणाऱ्या पथकात मोंतेरो होता. पथक पाठवणाऱ्या संस्थेचं संक्षिप्त नाव पीडे. मराठी कानाला ते अर्थासकटच ऐकू येतं!

सालाझारच्या राजवटीचं हे गुप्त पोलीस खातं. 1933 साली वेगळ्या नावानं सुरू झालं, 1945 मध्ये पीडे झालं, 1969 मध्ये पुन्हा नाव बदललं. लोकांच्या तोंडी मात्र पीडेच राहिलं. मुख्यालय लिस्बनच्या शियादु भागात, आंतोनियु मारिया कार्दोझु रस्त्यावर. त्याच रस्त्यावर साँ लुइश नाट्यगृह आहे. संध्याकाळी नटूनथटून नाटकाला येणारी माणसं आणि चौकशीसाठी आणलेले कैदी यांचा रस्ता एकच होता. चौकशीच्या एका पद्धतीला ‘पुतळा’ म्हणत. कैद्याला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, भिंतीशी उभं ठेवायचं आणि झोपू द्यायचं नाही. अंगावर वळ नको, तरी काम व्हावं.

या इमारतीकडे मी वळलो तो मोहन रानड्यांमुळे. सांगलीचे मनोहर आपटे मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि मोहन रानडे झाले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेती चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या कशियश तुरुंगात ठेवलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण हा कैदी सुटला नाही. सुधीर फडके आणि इतरांनी खटपट केली, तेव्हा कुठे जानेवारी 1969 मध्ये सुटका झाली. ज्या गोव्यासाठी तुरुंगात गेले, तो गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षं उलटली होती. त्यांच्याआधी डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा पेनिशच्या समुद्रकिल्ल्यात कैदी होते. म्हणजे लिस्बनमधल्या वास्तूंचा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

25 एप्रिल 1974 ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. बंदुकीच्या नळीत फुलं खोवणारी ही क्रांती जवळजवळ रक्ताविना झाली. अपवाद या एका रस्त्याचा. जमाव मुख्यालयासमोर गोळा झाला, आतून गोळ्या सुटल्या, चार माणसं मेली, पंचेचाळीस जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या लोकांनी शरणागती पत्करली. 1980 मध्ये काही नागरिकांनी भिंतीवर फलक बसवला, चौघांच्या नावांसह. सरकारनं नव्हे, नागरिकांनी. हे मला महत्त्वाचं वाटतं. कागदपत्रं पुढे तोर्रे दु तोम्बु या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली आणि 1994 पासून अभ्यासकांना पाहता येऊ लागली. ज्यांच्यावर पाळत होती, त्यांना आपलीच फाईल वाचायला मिळाली.

कागद वाचले, वास्तूचं काय? 2005 मध्ये तिथे महागडी सदनिका-संकुलं उभी राहणार असं कळल्यावर 5 ऑक्टोबरला, पोर्तुगालच्या प्रजासत्ताक दिनी, माणसं दारात जमली. त्यातून ‘स्मृती पुसू नका’ ही चळवळ निघाली. पण सदनिका झाल्याच. संकुलाचं नाव पासु दु दुके, म्हणजे ड्यूकचा वाडा. इथे पूर्वी ब्रागांसा घराण्याचा वाडा होता, हे खरंच. पण बिल्डरला हवा तो इतिहास निवडून घेता येतो, मधली चाळीसेक वर्षं वगळून. फलक मात्र भिंतीवर आहे.

तुरुंगांचं तसं झालं नाही. कॅथीड्रलजवळच्या अल्जुबे तुरुंगात 25 एप्रिल 2015 ला संग्रहालय उघडलं. पेनिशचा किल्ला 2016 मध्ये हॉटेलांसाठी द्यायच्या यादीत होता. ओरड झाल्यावर नाव काढलं, आणि 2024 मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण झालं. आपल्याकडे आग्वादचा तुरुंग 2015 मध्ये हलवला, डिसेंबर 2021 मध्ये तिथेही संग्रहालय झालं. कैद्याची कोठडी दाखवता येते, तिथे हार घालता येतो. मुख्यालयात टेबलं, टेलिफोन, कारकून. हुकूम निघण्याची जागा कुणाच्याच भक्तीची नसते, म्हणून ती आधी विकली जाते, असा माझा तर्क आहे.

करमाळ्यात राहणाऱ्याला वास्तू पालटते याचं नवल नाही. रावराजे निंबाळकरांनी सुरू केलेल्या आणि जानोजीरावांनी पुऱ्या केलेल्या इथल्या भुईकोटात इंग्रजी अमदानीत महसुलाची कचेरी होती, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पण किल्ल्याला आम्ही अजून किल्लाच म्हणतो. पासु दु दुकेमध्ये राहणारी मुलं आपल्या घराला काय म्हणतात, ते मला विचारायला आवडेल.

आणि कशियश? रानड्यांचा तो तुरुंग. एप्रिल 1974 मध्ये राजकीय कैदी तिथून बाहेर पडले, गर्दीनं त्यांना मिठ्या मारल्या. कुलपं मात्र नंतरही चालूच राहिली. तिथे आजही तुरुंगच आहे.