‘धांदरट’ मुलांचा इतिहास

वर्गात एखादे मूल असे असते, की त्याला सांगितलेले सगळे समजते; पण बटण लावताना, रेघेवर लिहिताना किंवा लंगडी घालताना त्याचे हातपाय मनासारखे चालत नाहीत. आपण त्याला ‘धांदरट’ म्हणून मोकळे होतो.

विज्ञानालाही हा शब्द टाकायला वेळ लागला. १९३७ मध्ये सॅम्युअल ऑर्टन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा अडखळण्याची गणना मुलांच्या विकासातील अडचणींत केली. १९६२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यावर संपादकीय लिहिले, तेही ‘धांदरट मुले’ याच अर्थाच्या शीर्षकाखाली! १९८७ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने ‘विकासात्मक समन्वय दोष’ हे नाव स्वीकारले. या मुलांचे स्नायू दुबळे नसतात. हालचालीची आखणी आणि जुळणी मेंदूला अवघड जाते. शाळकरी वयाच्या शंभरांतील पाच-सहा मुलांना हा त्रास असतो.

यावरची विद्या महाराष्ट्रात लवकर आली. फलटणच्या बालभवनाला ज्यांचे नाव आहे, त्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. ते आशियातील पहिले. १९५८ मध्ये नागपूरलाही असे विद्यालय निघाले. रोजची कामे करता करताच ती जमू लागावीत, हे या उपचाराचे सूत्र.

नांदेड-लातूरच्या खेड्यांना मात्र मुंबई आणि नागपूर दोन्ही दूर. तेथे मुलाला रोज पाहणारी माणसे म्हणजे अंगणवाडीच्या ताई आणि गुरुजी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अंगणवाड्यांत व शाळांत तपासणी आणली, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना केली. परंतु चालणारे-बोलणारे मूल काही मिनिटांच्या तपासणीतून सहज निसटते.

पाच वर्षांपूर्वी निदान पक्के करणे कठीण असते. मदतीला मात्र निदानाची वाट पाहावी लागत नाही. बटण लावण्याचे छोटे टप्पे पाडावेत, एकेक टप्पा करवून घ्यावा. जाड पेन्सिल द्यावी, कधी उत्तर तोंडी घ्यावे. सुधारणा दिसत नसेल, तर पालकांना विश्वासात घेऊन तपासणीला पाठवावे.

आणि अक्षरासाठी छडी उगारण्यापूर्वी, ते मूल चप्पल कशी घालते, हे एकदा पाहावे.