अंधारातले उसने डोळे

श्रोतेहो, अमावास्येच्या रात्री दिव्याच्या उजेडातून तुम्ही अंगणात येता, तेव्हा आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू गोठा दिसतो, बांध दिसतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला सुमारे अर्धा तास लागतो. तेवढ्यात कुणी तोंडावर विजेरी मारली, की सगळी कमाई क्षणात जाते.

रात्री उडणाऱ्या वैमानिकाची अडचणही हीच. म्हणून १९७० नंतरच्या दशकात अमेरिकी भूसेनेने आपल्या वैमानिकांना रात्रदर्शक चष्मे दिले. चांदण्यांचा अंधूक उजेड ते कितीतरी पटींनी वाढवतात आणि हिरवट चित्र डोळ्यांपुढे धरतात.

पण बघा, हे चष्मे मुळात जमिनीवरच्या सैनिकांसाठी घडवलेले. उघड्या डोळ्यांना सुमारे २०० अंशांचा पट्टा दिसतो. यातून अवघे ४०. म्हणजे टांग्याच्या घोड्याची झापडेच! मान सारखी फिरवावी, तर तोंडापुढे पाऊण किलोहून अधिक ओझे. अंतराचा अंदाज फसे. भिंग दूरसाठी जुळवले, की जवळची यंत्रे पुसट होत. कॉकपिटमधला तांबडा दिवा तर चष्म्यालाच दिपवी.

२४ एप्रिल १९८० च्या रात्री इराणमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी ८ हेलिकॉप्टरे ‘निमित्झ’ या युद्धनौकेवरून निघाली. वैमानिकांना हेच चष्मे होते. वाटेत वाळवंटी धुळीचे लोट लागले. चष्मा उजेड वाढवतो. धूळ भेदीत नाही. बिघाडांमुळे ३ हेलिकॉप्टरे निकामी ठरली आणि मोहीम सोडावी लागली. माघारीच्या वेळी, पंख्यांनी उडवलेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळले. ८ जण प्राणास मुकले. सारा दोष चष्म्यांचा नव्हे. परंतु नुसत्या चष्म्याने रात्रीचा दिवस होत नाही, हे कळून चुकले.

पुढे वैमानिकांसाठी वेगळे चष्मे झाले. त्यांच्या खालून नजर टाकून यंत्रे वाचता येतात. कॉकपिटचे दिवेही निळसर-हिरवे झाले. तरी दृष्टीचा पट्टा अरुंदच राहिला. म्हणून कसून सराव आलाच.

गुरुजनहो, मुलांच्या डोळ्यांना कागदाच्या दोन नळ्या लावून त्यांना चेंडू झेलायला सांगा. चेंडू सुटेल, मुले हसतील. मग त्यांना ही हकीकत सांगा. यंत्र आपल्याला काय देते हे जसे पाहावे, तसेच ते आपल्याकडून काय काढून घेते, हेही पाहावे.