तिथी, भरती आणि लहान मुले

सणाला जोडून सुटी घ्यावी आणि सहकुटुंब समुद्रकिनारी दोन दिवस मुक्काम करावा, ही प्रथा शहरी महाराष्ट्रात आता चांगलीच रुळली आहे. अलिबाग, मुरूड, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे येथे जाणाऱ्या कुटुंबांत आजी-आजोबांपासून नुकत्याच चालू लागलेल्या नातवंडापर्यंत सारेच असतात. मात्र ज्या तिथीला सण येतो, तीच तिथी भरती-ओहोटीचे वेळापत्रकही सांगते. किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हे ठाऊक असते. पाहुण्यांना बहुधा नसते.

उधाण आणि भांग

अमावास्या व पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. त्यांच्या एकत्रित आकर्षणामुळे भरती अधिक उंच चढते आणि ओहोटी अधिक खोल जाते. यालाच उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी होतो, तो भांग. नारळी पौर्णिमा, कोजागरी व होळी पौर्णिमेला येतात, लक्ष्मीपूजन अमावास्येला, तर अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. म्हणजे घरातील सोहळा आणि समुद्राचे उधाण अनेकदा हातात हात घालून येतात.

तिथीची पाऊणपट

मुंबई व आसपासच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे अधिकृत भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे आवश्यकच.

कोजागरीचे उदाहरण घ्यावे. सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पाणी खूप दूर गेलेले असते. विस्तीर्ण ओली वाळू पाहून मुले धावत आत जातात. तेथूनच भरतीला प्रारंभ होतो आणि चंद्र वर येत असताना पाणीही चढत असते. हे चढणे एकसारख्या वेगाने होत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मे पाणी चढते. मसाला दुधाची तयारी चालू असताना मोठ्यांचे लक्ष नेमके याच वेळी विचलित होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. परतीची वेळही भरतीच ठरवते.

मुलांची काळजी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात बुडून मृत्यू पावणाऱ्यांत पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश आहे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज फुटत नाही. म्हणून ‘सगळेच लक्ष ठेवून आहेत’ ही समजूत घातक ठरते. एका वेळी एकाच मोठ्या माणसाने, हाती मोबाइल न घेता, मुलाच्या हातभर अंतरावर उभे राहावे आणि ठरावीक वेळाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी.

परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते, त्यामुळे मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल पाणी टाळावे. हवा भरलेल्या रबरी ट्यूब वाऱ्याने आत वाहत जातात. त्यांचा भरवसा धरू नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, तर तेथे पाणी वेगाने समुद्राकडे ओढले जात असण्याची शक्यता असते. ऑगस्ट-सप्टेंबरात उथळ पाण्यात जेलीफिश व पाकट मासे येतात. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना त्यांचा दंश झाला होता.

उधाण नसलेला दिवस निर्धोक असतो, असेही नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, पौर्णिमा वा अमावास्याही नव्हती. पंचांग केवळ भरतीची वेळ सांगते. पाण्याचा तळ आणि ओढ कोठे आहे, हे स्थानिक माणूसच जाणतो. मुक्कामी पोहोचताच त्याला विचारावे, जीवरक्षकाची सूचना पाळावी आणि प्रसंग ओढवल्यास ११२ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा.