पाण्याने निवणारे संगणक : एका अनाम कारागिरीचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासात अनाम रचनांना मानाचे स्थान आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली हे ठाऊक नसले तरी आपण तिचे पाठभेद जमवतो. यंत्रांच्या इतिहासात मात्र शोधकाचे नाव, पेटंट आणि कंपनीची घोषणा यांनाच बहुधा पुरावा मानले जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षे अमेरिकेतील व युरोपातील हौशी मंडळींनी आपले संगणक पाण्याने थंड ठेवण्यासाठी घरीच जी साधने घडवली, त्यांचा इतिहास म्हणूनच दुर्लक्षित राहिला आहे.

संगणकात पाणी प्रथम या हौशी मंडळींनी आणले, असे नाही. १९६० च्या दशकातील आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ९१ या यंत्रात पाणी खेळवलेले होते. १९८० च्या ३०८१ मध्येही ते होते. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे मंडल तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असे. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास कमी उष्णता निर्माण करणाऱ्या सीमॉस चिपा मोठ्या यंत्रांत आल्या, आणि आयबीएमच्या नव्या यंत्रांना वारा पुरेसा ठरला.

नेमक्या त्याच सुमारास उष्णतेचा प्रश्न घरातल्या टेबलावर येऊन पोहोचला. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्‌झचा होता. परंतु मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की तो पुष्कळदा ४५० वर चाले. या युक्तीला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते. तो वेग पेलण्यासाठी विद्युतदाब वाढवावा लागला तर ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २००१ मधील १.४ गिगाहर्ट्‌झचा एएमडी ॲथलॉन कोणतीही छेडछाड न करताही सुमारे ७२ वॅट उष्णता बाहेर टाकी, आणि तीही जेमतेम १२० चौरस मिलिमीटर सिलिकॉनमधून. ती हटवणारे छोटे पंखे कर्कश आवाज करीत. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते, हे शालेय भौतिकशास्त्र येथे कामी आले.

तयार साधने थोडी आणि महाग होती. तेव्हा शोध सुरू झाला तो मोटारींच्या भंगारात. थंड देशांत मोटारीची आतली बाजू उबदार ठेवण्यासाठी एक लहान रेडिएटर बसवलेला असतो. १९७७ च्या पॉन्टियाक बॉनव्हिलमधील असा रेडिएटर या वर्तुळात विशेष नावाजला गेला. पंप आला मासे पाळण्याच्या काचपेटीतून; जर्मनीच्या आइहाइम कंपनीचे पंप त्यांच्या शांतपणामुळे आवडते ठरले. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा मात्र स्वतःच घडवावा लागे. त्यात ड्रिलने वाटा पाडायच्या, झाकण डाखून बसवायचे आणि तळ पॉलिश पेपरवर घासून आरशासारखा सपाट करायचा. हे सारे मावावे म्हणून कॅबिनेटचा पत्रा कापला जाई. कारागिरी दिसावी म्हणून बाजूला ॲक्रिलिकची खिडकी बसे. कंपनीची वॉरंटी अर्थातच संपुष्टात येई.

या कामाचे संकेतही ठरत गेले. प्रथम केवळ पंप चालू करायचा, सांध्यांखाली टिपकागद ठेवायचा आणि दिवसभर गळती नाही याची खात्री पटल्यावरच संगणकाला वीज द्यायची. पाणी ऊर्ध्वपातित हवे. तेही धातूंच्या संगतीत हळूहळू वीजवाहक होते, हे ध्यानात ठेवायचे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणायचे नाहीत, कारण त्यात ॲल्युमिनियम झिजते. हे नियम कोणी प्रथम सांगितले, हे बहुधा कधीच निश्चित करता येणार नाही. प्रत्येकाने इतरांचा अनुभव घेतला, आपल्या यंत्रापुरता बदलला आणि पुढे दिला. मौखिक परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांस ही प्रक्रिया अपरिचित वाटणार नाही.

उद्योगानेही यथावकाश हा मार्ग धरला. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या २.५ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रात द्रवशीतन कारखान्यातच बसवले. त्याच वर्षी इंटेलने 'तेजस' या आगामी प्रोसेसरची योजना सोडून अनेक गाभ्यांच्या रचनेकडे मोर्चा वळवला. २००९ मध्ये कॉर्सेरने आणलेल्या एच५० मध्ये ठोकळा, पंप, नळ्या आणि रेडिएटर हे सारे कारखान्यात भरून बंद केलेले होते. आज अशी साधने दुकानात सहज मिळतात.

यात लाभ झाला हे नाकारण्याचे कारण नाही. गळतीची धास्ती कमी झाली आणि लेथ-ड्रिल न जाणणाऱ्यासही शांत संगणक लाभला. परंतु जुन्या रचनेत पंप बिघडला तर तेवढाच पंप बदलता येई. बंद संचात बहुधा सारा संचच टाकून द्यावा लागतो. ज्या माणसाने ठोकळा स्वतः घासला होता, त्याला उष्णता कोठून निघून कोठे जाते हे ठाऊक असे, आणि म्हणून दुरुस्तीचा अधिकारही त्याच्याकडे राही. आता प्रचंड विदाकेंद्रांत पाणी पुन्हा खेळू लागले आहे. त्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा कंपन्यांची नावे आपोआप येतील. काचपेटीतला पंप आणि मोटारीचा रेडिएटर जोडणाऱ्या हातांची नोंद मात्र जाणीवपूर्वक करावी लागेल, आणि तीही ते कापलेले पत्रे भंगारात जाण्यापूर्वी.