धूर गेला कुठे? जहाजांवरून झालेली समुद्राची मोजणी

कारखान्यांच्या धुराड्यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड अखेर जातो कुठे? १९५० च्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचे उत्तर ठरलेले होते: समुद्रात. एवढा अफाट जलाशय मानवाने सोडलेला वायू सहज पचवील, असा विश्वास होता. प्रत्यक्ष मोजून मात्र फार थोड्यांनी पाहिले होते.

१९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स सुएस यांनी या विश्वासाला तडा दिला. समुद्रजलातील बहुतांश कार्बन वायुरूपात नसतो, तो बायकार्बोनेट होऊन राहतो. या रसायनामुळे हवेतील वायू १० टक्क्यांनी वाढला, तरी वरच्या थरातील एकूण कार्बन जेमतेम १ टक्क्याने वाढतो. समुद्राची भूक वाटली होती तेवढी नव्हती.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू झाले. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेचे ‘व्हेमा’ हे जहाज अटलांटिकवर निघाले. १९२३ साली एका धनिकाच्या हौसेखातर बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची नौका आता विज्ञानाच्या सेवेत होती. तीवर होता टोकियोत जन्मलेला, नुकताच डॉक्टरेट मिळवलेला तारो ताकाहाशी.

मोजणीची कल्पना साधी. पृष्ठभागाचे पाणी पंपाने खेचायचे आणि बंद पात्रात तुषारांसारखे सोडायचे. आतली हवा व पाणी यांच्यात वायूची देवघेव होऊन समतोल साधला, की त्या हवेतून अवरक्त किरण सोडायचे. कार्बन डायऑक्साइड ते शोषतो. किती शोषले, यावरून त्याचे प्रमाण कळते. पाण्यातील वायूचा दाब हवेतल्यापेक्षा अधिक भरला तर समुद्र वायू सोडतो, कमी भरला तर घेतो.

अडचण होती ती काटेकोरपणाची. पाणी १ अंश सेल्सिअसने तापले, की हा दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. नळातून प्रयोगशाळेत येता येता पाणी तापणारच. त्यामुळे या कामात तापमापक हा गॅस विश्लेषकाइतकाच मोलाचा. शिवाय हवेचा नमुना घेताना जहाजाच्याच धुराड्याचा धूर टाळावा लागे. जगाच्या धुराचा शोध घेणाऱ्यांना ही खबरदारी घ्यावी लागावी, हेही गमतीचेच.

पॅसिफिकमध्ये चार्ल्स कीलिंग यांनी अशीच मोजणी केली. १९६२-६३ च्या लुसियाड मोहिमेत ती हिंदी महासागरातही झाली. ज्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात हे घडले, तिच्यातूनच १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. पुढे १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ जहाजावरून भारतीय शास्त्रज्ञांनी अरबी समुद्र तपासला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खोलवरचे, कार्बनने भरलेले पाणी वर येते. मध्य व पूर्व अरबी समुद्र वर्षभर हवेला वायू देतच राहतो, असा त्यांचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र म्हणजे केवळ शोषणारा, ही समजूत कोकणच्या किनाऱ्यासमोरच खोटी ठरली.

ताकाहाशी मात्र आयुष्यभर आकडे जमवीत राहिले. १९९७ च्या त्यांच्या जागतिक नकाशामागे सुमारे २.५ लाख नोंदी होत्या, २००९ च्या नकाशामागे सुमारे ३० लाख. एव्हाना ठरावीक मार्गाने ये-जा करणाऱ्या मालवाहू जहाजांवरही ही उपकरणे बसली होती. सगळा हिशेब जुळवला तेव्हा दिसले, की मानवाने सोडलेल्या वायूपैकी समुद्र साधारण एक चतुर्थांश घेतो. दक्षिण महासागरातील हिवाळी नोंदी मात्र अजूनही विरळ आहेत. त्या वादळी ऋतूत तिकडे जाणारी जहाजेच थोडी.